बरं-वाईट झालं तर

मराठी माणूस मरणाचे नाव सहसा घेत नाही. दिवा तो विझवीत नाही, मालवतो किंवा शांत करतो. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणतो. घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला आजी दारातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावीत असे. वर्गात मी हा विषय फार रंगवून सांगतो. भाषेने अशुभावर घातलेले हे पांघरूण पाहून मुले हसतात, क्वचित एखादी मुलगी वहीत टिपूनही घेते.

पण या पांघरुणाचा सर्वांत पटाईत जाणकार मराठीचा प्राध्यापक नव्हे. तो विम्याचा एजंट! “देव करो आणि तसं न होवो, पण समजा, साहेबांचं काही बरं-वाईट झालं...” एवढे म्हणून तो जो थांबतो, त्या थांबण्यात सारे काही येऊन जाते. ‘बरं-वाईट’ या जोडशब्दातल्या ‘बरं’ला तेथे काहीच काम नसते. ते बिचारे केवळ सोबतीला आलेले असते.

पूर्वी हे गृहस्थ घरी येत. दारात चामडी बॅग दिसली, की घरातला कर्ता पुरुष न्हाणीघरात शिरे आणि बराच वेळ आंघोळ करी. आता बॅग गेली, न्हाणीघराचा आसराही गेला. आता मोबाइल वाजतो. तासाच्या मध्यावर, केशवसुतांपर्यंत येऊन पोचलो असताना, एक मंजुळ आवाज माझ्या कुटुंबाच्या भवितव्याची चौकशी करतो. त्या आवाजाला मी अनेक वर्षे “आमचं सगळं झालंय” हे एकच उत्तर देत आलो.

आणि ते खोटे नव्हते. लग्नानंतर वर्षभरात मावसभावाने माझा विमा उतरवला होता. त्याने नुकतीच एजन्सी घेतली होती. “दादा, बोहनी तुझ्याकडूनच,” असे म्हणून त्याने माझ्यापुढे कागद ठेवला आणि मावशीने आतून बेसनाचे लाडू आणले. लाडू खाल्ल्यावर नाही म्हणणे शक्य नव्हते. वर्षाला पंचवीस हजारांचा हप्ता, मुदत वीस वर्षे, विम्याची रक्कम पाच लाख. मी ते कागद वाचले नाहीत. पोवाड्यातल्या एका शब्दाच्या पाठभेदासाठी तीन ग्रंथालये पालथी घालणारा मी, स्वतःच्या मरणाचा करार न वाचता सही करून मोकळा झालो! भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नव्हे.

ती पॉलिसी कपाटात पडली आणि आपण जबाबदार गृहस्थ आहोत अशी माझी खात्री पटली. ती खात्री मोडली गेल्या वर्षी.

आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे प्राध्यापक अचानक गेले. वय एक्कावन्न. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतले. माझे अक्षर बरे आहे आणि फॉर्म भरण्याची मला सवय आहे, असा माझा लौकिक. त्यांनी एक कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. “यांचं सगळं यात आहे, भाऊजी. मला त्यातलं काही कळत नाही.”

पिशवीत विम्याच्या तीन पॉलिसी निघाल्या. पहिली जुनी, तीन लाखांची. तिचे कागद नीट होते. तीन आठवड्यांत पैसे खात्यात जमा झाले, कोणी वाकडा शब्द बोलले नाही. दुसरीत वारस म्हणून आईचे नाव होते. ती आई नऊ वर्षांपूर्वीच वारली होती, आणि नाव बदलायचे राहून गेले होते. नेमलेली व्यक्ती आधीच गेली असेल तर पैसे कायदेशीर वारसांना मिळतात. ते मिळालेही, पण वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्रे, ओळखीचे साक्षीदार, यांत चार महिने गेले. साठ रुपयांच्या रिक्षेचा विचार करणारी बाई त्या चार महिन्यांत किती वेळा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली, ते मी पाहिले आहे.

तिसरी पॉलिसी मोठी होती, पन्नास लाखांची. घेऊन दीड वर्ष झाले होते. कंपनीने जुन्या दवाखान्याचे कागद मागवले. गेली चार वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेत होते. आणि अर्जातल्या ‘रक्तदाबाचा विकार आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेले होते. अक्षर एजंटाचे, सही यांची.

कायदा येथे स्पष्ट आहे. विमा कायद्याच्या ४५व्या कलमाप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे उलटून गेली, की कंपनीला तिच्यावर कोणत्याच कारणाने बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत महत्त्वाची गोष्ट दडवलेली आढळली, तर दावा नाकारता येतो. भरलेले हप्ते परत मिळाले. पन्नास लाख मिळाले नाहीत. आम्ही विमा लोकपालाकडेही अर्ज केला. लोकपालाची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. तेथे फी पडत नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून महिनाभर वाट पाहिलेली असली, म्हणजे पन्नास लाखांपर्यंतच्या भांडणात तेथे दाद मागता येते. आमचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. निकाल विरुद्ध गेला, आणि खरे सांगायचे तर तो अन्यायाचा नव्हता. त्या ‘नाही’पुढे आमच्यापाशी उत्तर नव्हते.

परत येताना वहिनी एवढेच म्हणाल्या, “आयुष्यभर इतिहासाची साधनं तपासली हो त्यांनी. खोट्या कागदाची किती चीड होती त्यांना!”

त्या रात्री मी घरी आलो तो मुकाट्याने कपाट उघडले आणि माझी पॉलिसी काढून सौ.पुढे ठेवली. ती गणिताच्या शिकवण्या घेते. तिने दुधाच्या हिशेबाची वही ओढली आणि मागच्या पानावर आकडे मांडायला सुरुवात केली.

“घरखर्च महिन्याला पन्नास हजार, कर्जाचा हप्ता सोडून. आणि तुमच्यामागे येणार पाच लाख,” ती म्हणाली. “म्हणजे दहा महिने.”

“आणि बोनस?” मी दबकत विचारले.

“बोनस धरा, अजून काही महिने. मग?”

मला माझा मावसभाऊ आठवला, लाडू आठवले. त्याचा दोष नव्हता. त्याने विकले ते बचतीचे साधन होते आणि त्यात थोडासा विमा मिसळलेला होता. पंचवीस हजारांतला बहुतेक पैसा मी जगेन या आशेवर ठेवलेला होता. मी मरेन या भीतीवर त्यातला अगदी थोडा. दुधात पाणी घातले तर आपण गवळ्याशी भांडतो. येथे विम्यात बचत घातली होती आणि मी तिला दूध समजून वर्षानुवर्षे पीत होतो.

सौ.ने पुढे हिशेब केला. घराचे कर्ज राहिले अठ्ठावीस लाख. मुलीचे शिक्षण बारा लाख. ती पायावर उभी राहीपर्यंत सहा वर्षे धरली, तर घरखर्चाचे छत्तीस लाख. बेरीज शहात्तर. त्यातून हाती असलेले पाच वजा केले आणि महागाईसाठी थोडे वाढवले. “पंच्याहत्तर लाख,” ती म्हणाली, आणि पेन्सिल ठेवली. माझ्या जिवाची किंमत दुधाच्या वहीत, पाव लिटर जादाच्या नोंदीखाली, अशी निश्चित झाली. जुनी पॉलिसी मोडू नये असेही ठरले. हप्ते निम्म्याहून अधिक भरून झालेले होते, आता मोडण्यात नुकसानच होते.

एवढ्या रकमेचा विमा परवडायचा तर तो निव्वळ विमा असला पाहिजे. ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात तो. मुदतीत मेलो तर घरच्यांना पैसे, जगलो तर काही नाही. हे ‘काही नाही’ आपल्याकडे लोकांना फार झोंबते. “म्हणजे पैसे फुकट गेले की!” असे आमचे संस्कृतचे प्राध्यापकही म्हणाले. मी त्यांना म्हटले, “पावसाळ्यात छत्री घेतली आणि पाऊस पडलाच नाही, तर छत्रीवाल्याकडे पैसे परत मागता का?” त्यांना ते पटले. मला स्वतःला पटायला मात्र आणखी आठ दिवस लागले.

मग प्रश्न आला, विश्वास कोणावर ठेवायचा?

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. त्यांच्या आधीच्यांना होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशात विमा कंपन्यांचे पेव फुटले होते, आणि त्यांतल्या कित्येक लोकांचे पैसे घेऊन बुडाल्या होत्या. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. महामंडळाच्या पॉलिसीच्या रकमेला सरकारची हमी कायद्यानेच दिली आहे. आमचे वडील म्हणूनच निश्चिंत होते. पुढे १९९९च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, २००० साली खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि निवड करण्याची जबाबदारी पुन्हा आपल्या गळ्यात आली.

मी माझ्या पद्धतीने अभ्यासाला लागलो. प्रथम इतके शिकलो की, कंपनीची आणि एजंटाची नियामकाकडे नोंद आहे ना, हे पाहावे. त्यावाचून पुढे बोलूच नये. दुसरे, शंभरांतले किती दावे मंजूर झाले हा आकडा प्रत्येक जाहिरातीत ठळक असतो. परंतु तो दाव्यांची संख्या सांगतो, रक्कम नव्हे. लहान लहान नव्वद दावे देऊन मोठे दहा अडवले, तरी आकडा नव्वदच दिसतो. म्हणून दोन्ही पाहावे, आणि एका वर्षाचे नव्हे, चार-पाच वर्षांचे पाहावे. तिसरे, पॉलिसीचे पुस्तक मागून वाचायला घ्यावे. फायद्याचे प्रकरण एजंट तोंडपाठ म्हणून दाखवतोच. आपण आधी व्याख्या वाचाव्यात, आणि मग ‘अपवाद’ हे प्रकरण. कराराचा खरा आशय तेथे असतो.

आरोग्यविम्याच्या पुस्तकात याचा प्रत्यय फार लवकर आला. पाच लाखांच्या एका पॉलिसीत रुग्णालयातल्या खोलीच्या भाड्याला दिवसाला पाच हजारांची मर्यादा होती. मला वाटले, आठ हजारांची खोली घेतली तर वरचे तीन हजार आपण भरू. त्यात काय मोठेसे! तसे नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा आकार, असे जे खर्च खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात, तेही मग पाचास आठ या प्रमाणात कापले जातात. एक लाख साठ हजारांच्या अशा बिलापैकी कंपनी एक लाख देते, साठ हजार आपल्या खिशातून जातात. एका ओळीतली ही अट पुस्तकाच्या मधल्या पानावर होती. खोलीला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली, ती आम्ही घेतली. आईचे वय चौऱ्याहत्तर. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न पाहता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान योजना २०२४च्या ऑक्टोबरपासून आहे, तिचे कार्ड काढले. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा वैयक्तिक विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी उठला, तेवढाच हप्त्याला हातभार.

अशा तयारीने आयुर्विम्याचा अर्ज भरायला बसलो. एजंट तरुण होता, नम्र होता. चहा घेत घेत तो एकेक प्रश्न वाचत होता आणि मी उत्तरे देत होतो. वय सेहेचाळीस. धूम्रपान नाही. मग तो म्हणाला, “मधुमेह?”

तीन वर्षांपूर्वी तपासणीत साखर निघाली होती. रोज सकाळी एक गोळी. मी तसे सांगितले.

त्याने पेन थांबवले. “एकच गोळी ना, सर? आणि आटोक्यात आहे. मग नाही लिहू या. उगाच हप्ता वाढतो. साडेबावीस हजारांचे एकतीस होतील. आमचे पुष्कळ लोक लिहीत नाहीत.”

वाचकांपाशी खोटे कशाला बोलू? मी गप्प बसलो. साडेआठ हजार रुपये, चौदा वर्षे. मनातल्या मनात मी गुणाकार केला. मराठीच्या प्राध्यापकालाही कधी कधी गणित झटकन येते. त्याने ‘नाही’पुढे पेन्सिलीने बारीक खूण केली, “सही करून ठेवा, उद्या नेतो,” म्हणाला, आणि गेला.

कागद टेबलावर राहिला. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला मी वर्षभरापूर्वीच वर्गाबाहेर काढले होते. तो म्हणाला होता, “सर, सगळेच करतात.” मला ते वाक्य तेव्हा फार उद्धट वाटले होते.

रात्री सौ.ने तो अर्ज वाचला. ती रागावली नाही. “अहो,” ती म्हणाली, “या कागदावर सही तुमची असेल. पण त्याचं उत्तर द्यायला जाणार मी. तुम्ही तर नसणारच.”

मी काही बोललो नाही. मला ती कापडी पिशवी दिसत होती.

“आठ हजार जास्त जातील ते मी शिकवण्यांतून देईन,” ती म्हणाली. “पण मला तुमच्यामागे कोणापुढे खाली मान घालायला लावू नका.”

इतके दिवस मी विश्वासार्ह कंपनी शोधत हिंडत होतो. कंपनीचे आकडे तपासत होतो, नोंदणी तपासत होतो, अपवाद तपासत होतो. विमा हा दोन बाजूंचा विश्वास आहे, ही गोष्ट एकाही रात्री माझ्या ध्यानात आली नव्हती. कंपनीला माझ्या शरीरातले काही दिसत नाही. मी सांगेन तेवढेच तिला कळते. म्हणूनच या कराराला कायद्याने इतर करारांपेक्षा अधिक प्रामाणिकपणाची अट घातली आहे. मी तपासायचा राहिलेला एकमेव माणूस मीच होतो.

मी खोडरबर घेतले, पेन्सिलीची खूण पुसली आणि शाईने ‘होय’ लिहिले. खाली औषधाचे नाव, केव्हापासून, किती, सारे लिहिले. दुसऱ्या दिवशी एजंटाचा चेहरा थोडा पडला. कंपनीने रक्त तपासले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती तपासणी होती, म्हणजे ‘नाही’ तसेही टिकले नसते. सहा आठवडे वाट पाहिली, आणि वर्षाला एकतीस हजारांच्या हप्त्यावर पॉलिसी आली.

ती आल्यावर मी आणखी दोन गोष्टी केल्या. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवस ती नापसंत म्हणून परत करता येते. ते तीस दिवस मी खरोखरच वाचनात घालवले आणि अर्जाची प्रत शब्दाशब्दाने ताडून पाहिली. दुसरी गोष्ट अर्ज भरतानाच साधली होती: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४च्या कायद्याखाली ही पॉलिसी पत्नी आणि मुलगी यांच्या नावे करून ठेवली. अशा पॉलिसीच्या पैशांवर माझ्या धनकोंचा हक्क पोचत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी आमच्या सौ.ची काळजी करून ठेवली आहे, हे वाचून तिला फार बरे वाटले. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर नाही. म्हणून येथे मुद्दाम सांगितले. जुन्या पॉलिसीवरही वारसाचे नाव पाहिले. ते सौ.चेच होते, पण माहेरच्या आडनावाने! तेही दुरुस्त करून घेतले.

परवा दिवाळीची साफसफाई झाली. सारे कागद एका फाइलीत लावले आणि वर एक पान ठेवले. कोणती पॉलिसी, कोणत्या तारखेला हप्ता, कोणाला फोन करायचा, अर्जाच्या प्रती कोठे आहेत, असे सगळे सुवाच्य अक्षरात लिहिले. पानाला मथळा काय द्यावा यावर मात्र माझी लेखणी अडली. पहिल्याने ‘माझे काही बरे-वाईट झाल्यास’ असे लिहिले, मग ते खोडून ‘मी मेल्यावर’ लिहिले. सरळ, स्वच्छ मराठी; पांघरूण नाही.

सौ.ने ते वाचले. क्षणभर तिने पान हातात धरून ठेवले, आणि मग काही न बोलता फाइल कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

“उटणं संपलंय,” ती कपाटाला कुलूप लावीत म्हणाली. “दुकान बंद व्हायच्या आत घेऊन या.”

मी चपला घातल्या. दारात पोचलो आणि सवयीने म्हणालो, “येतो.”

“या,” ती म्हणाली, “लवकर या.”